कुरळे केस ओलेच विंचरावेत

मराठी घरांत केसांचा एक ठरलेला क्रम असतो. आदल्या रात्री डोक्यावर तेल थापायचे, सकाळी न्हायचे, पंख्याखाली नाहीतर उन्हात केस वाळवायचे आणि खडखडीत वाळले की कंगवा घेऊन मुळापासून टोकापर्यंत विंचरायचे. सरळ केसांना हा क्रम मानवतो. कुरळ्या केसांचे मात्र शेवटच्या पायरीवर टोपले होते. वळणे मोडतात, केस चौफेर फुलतात, आणि मग घरातले कुणी ना कुणी म्हणतेच, "अगं, त्या झिंज्या आवर आधी." झिंज्या आवरायला पुन्हा तेल येते, घट्ट वेणी येते, मोठेपणी पार्लरमधले स्ट्रेटनिंग येते. आपल्या केसांतच काहीतरी खोट आहे, असे त्या मुलीला लहानपणापासून वाटत राहते. मुलगे यातून सुटतात ते केवळ बारीक केस कापून.

केसांत खोट नसते. घरातला क्रम दुसऱ्या जातीच्या केसांसाठी बसवलेला असतो, एवढेच. त्यातल्या दोन-तीन पायऱ्या बदलल्या आणि एक-दोन नव्याने घातल्या, की त्याच डोक्यावर वेगळे केस दिसू लागतात. काय बदलायचे हे कळण्यासाठी कुरळा केस वळतो कसा, हे आधी पाहायला हवे.

केसाचा आकार त्वचेच्या वर ठरत नाही, खाली ठरतो. सरळ केसाचे मूळ त्वचेत बऱ्यापैकी सरळ रुतलेले असते. कुरळ्या केसाचे मूळच वाकलेले असते, तळाचा कंद एका बाजूला कललेला असतो, आणि केस घडताना त्याच्या दोन बाजूंच्या पेशी एकसारख्या वाढत नाहीत. त्यामुळे केस बाहेर पडतो तोच वळण घेऊन. त्याचा छेदही गोल नसतो, चपटा असतो. हे सारे आनुवंशिक आहे, पण एका जनुकाचे काम नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून २००९ मध्ये टीसीएचएच नावाच्या जनुकाचा संबंध पुढे आला, आणि युरोपीय वंशाच्या लोकांत केसांच्या वळणातला जेमतेम ६ टक्के फरक त्याने उलगडला. बाकीचा फरक इतर अनेक जनुकांत विखुरलेला आहे. म्हणून आई-वडील दोघांचे केस सरळ असूनही एखादी मुलगी कुरळे केस घेऊन येते. शिवाय वयात येताना किंवा बाळंतपणानंतर केसांची वळणे बदललेलीही दिसतात.

कुरळ्या केसांचा उपयोग काय, यावर २०२३ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध झाला. टीना लसिसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तापमान मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर माणसाच्या केसांचे वेगवेगळे टोप चढवले आणि त्यांवर कृत्रिम ऊन पाडले. केस कोणतेही असोत, डोके कमी तापले. पण सर्वांत जास्त बचाव केला तो दाट, घट्ट कुरळ्या केसांनी. ज्या फुगीरपणाबद्दल मुलींना बोलणी खावी लागतात, तोच फुगीरपणा डोके आणि ऊन यांच्यामध्ये हवेची पोकळी राखतो.

या आकाराची किंमत मात्र केस मोजतो. टाळूतल्या ग्रंथींतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते. वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडते. म्हणून कुरळ्या केसांचे डोके तेलकट आणि टोके कोरडी, अशी विचित्र जोडी नेहमी दिसते. केसाचे बाहेरचे आवरण कौलारू छपरासारखे असते, एकावर एक चढवलेल्या पातळ खवल्यांचे. केस जिथे वळतो तिथे ही कौले किंचित उचलली जातात, घासली जातात आणि लवकर झिजतात. आतला ओलावा तिथून निघून जातो आणि पुढेमागे केसाला तिथेच फाटे फुटतात. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे ६० सेंटिमीटर लांब केसाचे टोक पाच वर्षांचे जुने असते, आणि पाच वर्षांतली प्रत्येक घासाघीस त्याने सोसलेली असते. फुटलेले फाटे कोणत्याही तेलाने किंवा सीरमने सांधले जात नाहीत. ते कापावेच लागतात.

आता कंगव्याकडे वळू. केसातल्या प्रथिनांना आकारात धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजनचे बंध पाण्याने सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ज्या आकारात केस वाळतो, तो आकार पुढच्या पाण्यापर्यंत टिकतो. ओले असताना शेजारशेजारचे कुरळे केस एकत्र येऊन त्यांच्या बटा होतात. या बटा तशाच वाळू दिल्या तर वळणे रेखीव राहतात. वाळल्यावर कंगवा घातला की प्रत्येक बट शंभर ठिकाणी उसवते, प्रत्येक केस सुटा होऊन आपापल्या दिशेला जातो आणि गुंते ओढताना केस तुटतातही. ओला केस अधिक ताणला जातो आणि नाजूक असतो हे खरे, म्हणून सरळ केसांच्या बाबतीत वाळल्यावर विंचरण्याचा सल्ला बरोबरच आहे. कुरळ्या केसांना अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटना नेमका उलटा सल्ला देते: ओलसर असताना, रुंद दातांच्या कंगव्याने. त्यात कंडिशनरचा निसरडेपणा असला तर कंगवा जवळजवळ न ओढता फिरतो. सुरुवात टोकांपासून करावी, मग मध्य आणि शेवटी मूळ. मुळापासून सुरू केले की वरचे सगळे गुंते खाली ढकलले जाऊन एक मोठी गाठ बनते.

तेलाचे काय? इथे घरची परंपरा बरीचशी बरोबर निघते, आणि याचा पुरावा मुंबईतलाच आहे. मॅरिको कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना आणि विंचरताना केसांतून प्रथिने झिजून जातात. ही झीज तिन्हींपैकी फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केली, आणि धुण्याआधी लावलेल्या तेलानेही हा फायदा दिला. खोबरेलात लॉरिक आम्ल मुख्य असते. त्याची साखळी सरळ आणि आखूड असल्याने ते केसाच्या आत शिरते. खनिज तेल वरवरच राहते. कंपनी स्वतःच खोबरेल विकते हे वाचकाने ध्यानात ठेवावे, पण खोबरेल केसात शिरते ही गोष्ट त्याआधीच्या एका तपासणीतही दिसली होती. आवळा, बदाम अशी नावे मिरवणाऱ्या बऱ्याच सुगंधी तेलांच्या बाटलीमागे घटकांची यादी वाचली, तर सुरुवातीलाच 'लाइट लिक्विड पॅराफिन' आढळते. ते खनिज तेल. वाईट नव्हे, पण खोबरेलाचे काम ते करत नाही.

तरीही तेलाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली म्हणजे तेल हा ओलावा नव्हे. कोरड्या केसांवर नुसतेच तेल चोपडले तर केस चिकट आणि कोरडे, दोन्ही एकदम होतात. न्हाण्याआधी तास-दोन तास, मुख्यतः लांबीला आणि टोकांना, हातावर चोळून लावलेले थोडे तेल पुरते. दुसरी म्हणजे कोंडा झालेल्या डोक्यावर तेल थापू नये. कोंड्याशी संबंधित मॅलासेझिया ही बुरशी तेलातल्या स्निग्ध आम्लांवर जगते. कोंडा म्हणजे डोके कोरडे पडले, ही समजूत घरोघरी आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीची असते. त्यावर औषधी शाम्पू लागतो. त्यानेही हटला नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

डोके किती वेळा धुवावे, याला एकच उत्तर नाही. लोकलमधून घामाघूम होऊन येणाऱ्या माणसाला आठवड्यातून दोन-तीनदा धुवावे लागेल, तर कोरड्या हवेत, दाट कुरळ्या केसांना एकदाही पुरेल. शाम्पू टाळूला लावायचा. फेस ओघळून लांबीवर जातो तेवढाच तिला पुरे. केस डोक्यावर गोळा करून खसाखसा चोळले की उरलेला दिवस गुंता सोडवण्यात जातो. सल्फेट हे विष नव्हे. पण सोडियम लॉरिल सल्फेट जोरकस मळ काढते आणि मुळातच कोरड्या केसाला ते झेपत नाही, तेव्हा सौम्य शाम्पू बरा. दुसऱ्या टोकाला शाम्पू कायमचा सोडून फक्त कंडिशनरने डोके धुण्याचा प्रघात आहे. न्यूयॉर्कमध्ये सलून चालवणाऱ्या लोरेन मॅसी यांनी या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या 'कर्ली गर्ल' या पुस्तकातून तो जगभर नेला. कुरळ्या केसांना स्वाभिमान देण्याचे श्रेय त्या पुस्तकाला द्यायलाच हवे. मात्र दमट मुंबईत महिनोन्महिने शाम्पू न वापरणे टाळूला सोसेलच असे नाही.

अंगाचा साबण केसांना लावू नये, हे मात्र निरपवाद. टाळूचा सामू ५.५ च्या आसपास, केसाचा त्याहून कमी, ३.६७, आणि साबणाचा ९ ते १०. त्या अल्कली पाण्यात कौले उघडतात आणि केस एकमेकांत अडकतात.

शिकेकाई आणि रिठा यांच्यात सॅपोनिन असते, त्यामुळे मळ निघतोच. गडबड होते ती पुडीतली भुकटी थेट डोक्यावर चोळल्याने. तिचे कण वळणांत अडकतात, ते काढायला पाणी ओतत बसावे लागते आणि तेवढ्यात केस घासले जातात. शेंगा रात्री भिजवून, सकाळी उकळून, फडक्यातून गाळलेले पाणी घ्यावे. रिठा थोडाच घालावा, तो केस कोरडे करतो. डोळ्यांत जाऊ देऊ नये.

पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात खास आहे. बोअरवेल आणि टँकर यांवर चालणाऱ्या अनेक वस्त्यांत पाणी जड असते. पिण्याच्या पाण्यात एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असे भारतीय मानक सांगते. पण बादलीला पांढरी पुटे चढत असतील आणि फेस होत नसेल, तर मोजणी न करताही अंदाज येतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस राठ होतात आणि त्यांवर कंडिशनर लागत नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर बहुतेक क्लोरीनसाठी असतात, जडपणा काढत नाहीत. महिन्यातून एक-दोनदा घटकांत ईडीटीए असलेला, क्षार सोडवणारा शाम्पू वापरावा आणि शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओ फिल्टरच्या पाण्याचे ओतावेत. हा खर्चाच्या मानाने सर्वांत उपयोगी उपाय.

धुऊन झाल्यावर कंडिशनर. मराठी घरांच्या क्रमात ही पायरी नव्हतीच, आणि कुरळ्या केसांना तिच्यावाचून चालत नाही. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. कंडिशनरमधले घटक धन भाराचे असतात, म्हणून ते नेमके झिजलेल्या जागी जास्त चिकटतात आणि घर्षण कमी करतात. बाटलीवर सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल दिसले तर घाबरू नये. ती मेणचट, मऊपणा देणारी द्रव्ये आहेत. कोरडे करते ते डीनेचर्ड अल्कोहोल. सिलिकोनबद्दलही नाहक भीती पसरली आहे. डायमेथिकोन केस निसरडे करते आणि साध्या शाम्पूने बहुतांशी निघते. जी व्यक्ती शाम्पू जवळजवळ वापरतच नाही, तिच्याच केसांवर ते साचत जाते. कंडिशनर लांबीला भरपूर लावावा, त्यातच केस विंचरावेत आणि मग डोके खाली वाकवून केस बादलीत बुडवून हातांनी वर दाबावेत, पुन्हा बुडवावेत. याला हल्ली 'बाऊल मेथड' म्हणतात. बादली-तांब्याने आंघोळ करणाऱ्या घरात त्यासाठी वेगळे काहीच आणावे लागत नाही.

यानंतरची पायरी जेलची. बाजारातले कोणतेही चालते, पण जवसाचे घरी होते आणि त्याला विदर्भ-मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरातला डबा पुरतो. चटणीसाठी आणलेले कच्चे, न भाजलेले जवस पाव वाटी आणि पाणी दोन वाट्या, मंद आचेवर ढवळत ठेवायचे. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होते, पांढरा फेस वर येतो आणि चमचा उचलला की तार सुटते. तार दिसली की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच जुन्या सुती ओढणीतून किंवा मोज्याच्या पातळ कापडातून गाळायचे. निवल्यावर ते कापडातून उतरतच नाही, जवस आणि जेल एकजीव होऊन बसते. हा चिकटपणा बियांच्या सालीतल्या बहुशर्करांचा. त्यात टिकाऊपणासाठी काही नसल्यामुळे ते फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवावे आणि वास आला की टाकून द्यावे.

जेल लावायचे ते केसांतून पाणी निथळत असताना. हातांवर पसरून बटांवरून फिरवायचे आणि तळहाताने टोके वर दाबायची. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसणे इथे सर्वांत घातक. जुन्या सुती साडीचा तुकडा, पंचा किंवा टी-शर्ट घेऊन पाणी टिपावे. मग वाळेपर्यंत केसांना हात लावायचा नाही. वाळल्यावर केस कडक लागतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्या बहुतेक जणी इथेच घाबरून पुन्हा डोके धुतात. तो कडकपणा म्हणजे बटेभोवती वाळलेला जेलचा थर. हातावर खोबरेलाचे दोन थेंब घेऊन बटा मुठीत दाबल्या की तो मोडतो आणि आत मऊ, आखीव वळणे उरतात.

हवामानाचा हिशेब प्रत्येकाला आपापल्या गावानुसार करावा लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली वाफ केसात शिरून तेच हायड्रोजन बंध पुन्हा पुन्हा सोडवते, म्हणून सकाळी केलेले केस दुपारी फुलतात. तिथे थोडे घट्ट जेल आणि सिलिकोन उपयोगी पडतात. ग्लिसरीन जास्त असलेली क्रीम हवेतले पाणी ओढून फुगवटा वाढवते. नागपूरच्या मे महिन्यात उलटी तऱ्हा: हवाच कोरडी ठणठणीत, तेव्हा कंडिशनर थोडा केसांतच राहू द्यावा आणि उन्हात सुती स्कार्फ बांधावा. रात्री केस डोक्यावर सैल गोळा करावेत, उशीला गुळगुळीत अभ्रा घालावा. दुसऱ्या दिवशी कोरडा कंगवा नको. ओल्या हातांनी बटा दाबल्या की त्या पुन्हा बसतात.

२अ, ३ब, ४क अशी केसांची वर्गवारी सतत कानांवर येते. तिचा मूळ आराखडा अमेरिकी सूत्रसंचालिका ऑप्रा विन्फ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी मांडला. एकाच डोक्यावर दोन-तीन प्रकार सर्रास असतात, तेव्हा या वर्गवारीत फार अडकू नये. पेल्यातल्या पाण्यात केस टाकून तो बुडतो की तरंगतो हे पाहण्याची चाचणीही भरवशाची नाही. केसावर तेलाचा अंश असला तरी निकाल बदलतो.

केस सरळ करून घेण्याचा निर्णय ज्याचा त्याचा आहे. पण तो पूर्ण माहितीने व्हावा. गरम पट्ट्या २०० अंश सेल्सिअसच्या वरही जातात, आणि ओलसर केसावर फिरवल्या तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात, केस तिथून तुटतो. 'केराटिन' नावाच्या अनेक उपचारांत फॉर्माल्डिहाइड किंवा तापल्यावर ते सोडणारी द्रव्ये आढळली आहेत, आणि फॉर्माल्डिहाइड हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवले आहे. त्याला पर्याय म्हणून ग्लायऑक्झिलिक आम्ल आले. २०२४ च्या मार्चमध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये २६ वर्षांच्या एका तरुणीची हकिकत प्रसिद्ध झाली. असा उपचार तिने तीन वेळा घेतला आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. डॉक्टरांनी ते क्रीम उंदरांच्या कातडीला लावून पाहिले, तेव्हा त्यांच्याही मूत्रपिंडांत तेच घडले. पार्लरमध्ये खुर्चीत बसण्याआधी बाटली मागून घटक वाचायला कुणीही संकोच करू नये. दाखवायला नकार दिला तर उठून यावे.

पडद्यावरही चित्र थोडे बदलते आहे. २०१६ मध्ये कपाच्या तालावर मराठी गाणे म्हणून घराघरांत पोहोचलेली अभिनेत्री मिथिला पालकर आपल्या कुरळ्या केसांसकट पोहोचली. तिच्यासारखे केस असलेल्या अनेक मुलींनी ते पाहिले.

शाळांनी मात्र कुरळ्या केसांची दखल अजून घ्यायला हवी. दोन घट्ट वेण्यांचा नियम कुरळ्या केसांच्या मुलींना सर्वांत जास्त दुखतो. सततच्या ताणाने कपाळालगतचे आणि कानशिलाजवळचे केस गळू लागतात. वेळीच ताण काढला तर ते परत येतात, वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर येत नाहीत. केस नीटनेटके बांधलेले असावेत एवढा नियम पुरेसा आहे, ते किती चापून बसवायचे हे शाळेने ठरवू नये. आणि घरी शाळकरी मुलगी असेल तर सकाळच्या घाईत तिच्या कोरड्या केसांत कंगवा घालू नये. आदल्या संध्याकाळी केस ओले करून, कंडिशनर लावून, टोकांकडून विंचरावेत आणि सैल वेणी घालून ठेवावी. सकाळी ओल्या हाताने वरचे केस बसवून रिबीन बांधली की झाले. उवा झाल्या असतील तर फणीही तशीच, कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांतूनच फिरवावी.